मधुमेही मुलाचे वाढलेले यकृत आणि काविळीचा झाडपाला

एका पालकांनी विचारले आहे की, टाइप १ मधुमेह असलेल्या त्यांच्या मुलाची साखर सतत चढलेली असते, सोनोग्राफीत यकृत मोठे दिसले आहे आणि एसजीपीटीही (यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणारे द्रव्य) वाढले आहे, तर गावातल्या सल्ल्याप्रमाणे काविळीचा झाडपाला द्यावा काय. कृपया देऊ नये.

अशा मुलांत ग्लायकोजेनिक हेपॅटोपॅथीची, म्हणजे यकृतात ग्लायकोजेन (साखरेचे साठवणीचे रूप) जास्त साचल्याची, शंका घ्यावी लागते. रक्तातले जादा ग्लुकोज इन्सुलिनच्या मदतीविनाही यकृताच्या पेशींत शिरते आणि चढलेली साखर उतरवण्यासाठी मग दिलेले इन्सुलिन त्याचे ग्लायकोजेन करून तिथेच साठवते. म्हणून डोस चुकवणे आणि नंतर एकदम मोठा डोस टोचणे, हे पुन्हा पुन्हा झाले की यकृत फुगत जाते. सोबत उंची खुंटली असेल आणि वयात येणे लांबले असेल, तर फ्रेंच डॉक्टर पिएर मोरियाक यांनी १९३० मध्ये वर्णन केलेला मोरियाक सिंड्रोमही डॉक्टरांच्या मनात येतो. सोनोग्राफीत हे यकृत आणि चरबीचे यकृत सारखेच दिसते, त्यामुळे तेवढ्यावर न थांबता हिपॅटायटिस (यकृतदाह) व सीलिॲक आजार (गव्हातले ग्लुटेन न सोसणे) अशी इतर कारणेही तपासणे गरजेचे असते. साखर आटोक्यात आली की ही सूज बहुधा काही आठवड्यांत उतरू लागते.

साखर आटोक्यात न येण्यामागे आपल्या मराठवाड्यात प्रश्न बरेचदा इन्सुलिनची बाटली थंड ठेवण्याचाच असतो. ऊसतोडीच्या कोपीत फ्रिज कुठला? ओल्या वाळूत मडके पुरून त्यात बंद डबीत बाटली ठेवावी आणि वाळू रोज भिजवावी. रोज एकाच जागी टोचून गाठी झाल्या असतील, तर त्याही डॉक्टरांना दाखवाव्यात, कारण तिथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही.