हसवणाऱ्या माणसावरचा सिनेमा दरवेळी रडकाच का?

दुधनाकाठ, जालना

परवा हॉलिवूडचा ‘जोकर’ पुन्हा पाहिला आणि डोकं सणकलं. लोकांना हसवणारा माणूस पडद्यावर आला की तो आतून मोडलेलाच असला पाहिजे, हा काय नेम आहे? १९७०च्या ‘मेरा नाम जोकर’मध्ये आई गेल्यावरही जोकरला खेळ करावाच लागतो. ‘किंग ऑफ कॉमेडी’तला रॉबर्ट डी नीरो टीव्हीवर संधी मिळावी म्हणून चक्क माणूस पळवतो. सिनेमे भारी आहेत, पण विनोद बनतो कसा, हे त्यात दिसत नाही.

ते दिसतं २००२च्या ‘कॉमेडियन’ या डॉक्युमेंटरीत. अमेरिकन विनोदवीर जेरी साइनफेल्डची टीव्ही मालिका १९९८ला संपली. पैसा, नाव, सगळं होतं. तरी गड्यानं जुने विनोद बाजूला ठेवले आणि न्यूयॉर्कच्या लहान लहान क्लबांत पहिल्यापासून सुरुवात केली. एका रात्री तो मधेच अडकतो. पुढचं आठवत नाही, कागद बघतो, समोरचे गप्प. मला बघताना घाम फुटला.

कारण संभाजीनगरच्या एका कॅफेत ओपन माइकला, म्हणजे कुणीही माइक धरून विनोद करून बघावा अशा कार्यक्रमात, मी उभा राहिलोय. ‘सासरे भेटले, एसटी चुकली म्हणून’ असं म्हणायचो, कुणी हलायचं नाही. ‘एसटी चुकली. स्टँडवर बघतो तर कोण? सासरे!’ असं केलं आणि हॉल उसळला. गोष्ट तीच, फक्त सासरे शेवटी नेले. ही मेहनत सिनेमावाल्यांना का दिसत नाही?

मांजराकाठची, लातूर

दादा, अर्धंच बोललात. बॉब फॉसीचा ‘लेनी’ घ्या, १९७४चा. स्टेजवर एकटा उभा राहून विनोद करणाऱ्या अमेरिकन लेनी ब्रूसला १९६४मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टानं अश्लीलतेबद्दल दोषी ठरवलं, १९६६मध्ये तो गेला आणि माफी मिळाली २००३मध्ये! हे दुःख दिग्दर्शकानं वरून ओतलेलं नाही, तो स्टेजवर जे बोलला त्यातूनच आलंय. शेवटाकडं लेनी झालेला डस्टिन हॉफमन रेनकोट घालून उभा राहतो, कॅमेरा लांबच थांबतो आणि माणूस आपल्यासमोर विस्कटत जातो. तिथं कॅमेरा जवळ गेला असता तर मीही रडका सिनेमा म्हटलं असतं.

आणि ‘किंग ऑफ कॉमेडी’तलं शेवटचं भाषण नीट ऐका. रूपर्ट, म्हणजे डी नीरो, घरात खाल्लेला मार सांगतो आणि लोक खोटं समजून हसतात. विनोद कशातून बनतो, हे याहून उघड कुणी दाखवलंय?

गंगाखेडकर

दोघांनीही घरचा माणूस सोडला. लक्ष्मण देशपांडे! ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’, ५२ पात्रं, माणूस एकच, तीन तास अस्सल मराठवाडी बोली. गिनीज बुकात नोंद झाली. लहानपणी शाळेच्या मैदानावर सतरंजीवर बसून पाहिलंय. मान जराशी वळली की म्हातारी, छाती पुढं आली की पाटील. मधे पडदा नाही, अंधार नाही.

सर २००९मध्ये गेले. आता संदीप पाठक हा बीड जिल्ह्यातला नट तेच वऱ्हाड करतोय. एकाच्या अंगातली ५२ माणसं दुसऱ्याच्या अंगात कशी उतरतात, याच्यावर तालमीच्या खोलीत कॅमेरा लावा. मला तो सिनेमा पाहायचाय.

मांजराकाठची, लातूर

वऱ्हाड मलाही जीव की प्राण आहे, पण एकपात्री वेगळं आणि स्टँडअप वेगळं. एकपात्रीत शिवी पाटील देतो. स्टँडअपमध्ये माणूस स्वतःच्या नावानं बोलतो, म्हणून लोकांचा रागही थेट त्याच्यावर येतो. जयदीप वर्मांची २०१५ची ‘आय अ‍ॅम ऑफेंडेड’ ही डॉक्युमेंटरी भारतातल्या स्टँडअपवरच आहे, भावना दुखावण्याचा प्रश्न तिच्या नावातच आहे. मेहनतीच्या बरोबरीनं हेही दाखवायला नको का?

दुधनाकाठ, जालना

ताई, रात्री रेनकोटचा सीन परत लावला. साइनफेल्ड अडकतो तसाच लेनीही अडकतो. पण साइनफेल्ड दुसऱ्या रात्री पुन्हा क्लबात जाऊ शकतो, लेनीला ती सोय राहिलेली नाही. हे माझ्या मांडणीत बसत नाही, कबूल.

रूपर्टचं मात्र पटत नाही. ते भाषण त्यानं किती वेळा खोडून लिहिलं असेल, तेच मला बघायचं होतं. आणि गंगाखेडकर, तालमीच्या खोलीचं मनापासून पटलं. संभाजीनगरला नाट्यशास्त्र शिकणारी ओळखीची पोरं आहेत, त्यांच्याशी बोलतो. कॅमेरा माझ्याकडं आहे.