ओंकारेश्वर: मामाची परिक्रमा आणि आईचे गुडघे, मदत हवी आहे

मंडळी, जाणकारांनी जरा सांगा.

कार्तिकी एकादशी झाली की नाशिकहून ओंकारेश्वरला निघायचंय. मी, आई आणि मामा. मामा तिथूनच पायी नर्मदा परिक्रमा उचलणार आहे, आम्ही दोघं त्याला सोडून परत. आता लोचा असा झालाय की आई म्हणते बहीणभावाने मिळून ओंकाराचं दर्शन घ्यायचं, आणि मामा म्हणतो एकदा संकल्प सोडला की मैया ओलांडायची नाही, देऊळ तर मांधाता बेटावर, म्हणजे मी येणार नाही. दोघंही एक नंबर हट्टी, रोज फोनवर हेच चालू.

दुसरं, आईचे गुडघे पार गेलेत. जिना दिसला की बसते. पण बेटाला सात किलोमीटरची प्रदक्षिणा असते हे कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलंय आणि ती तीही करणार म्हणते! नावेने न्यावं का पुलावरून? आणि खंडव्याहून ती छोटी रेल्वे ओंकारेश्वर रोडला जायची ती चालू आहे का?

प्रतिसाद १
मामांचं बरोबर आहे, फक्त क्रम बदला. आदल्या दिवशी तिघं बेटावर जाऊन दर्शन घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिण तीरावर गोमुख घाटावर स्नान, पूजा, संकल्प, आणि मग ममलेश्वराला नमस्कार करून मामा निघतील. ममलेश्वर अलीकडच्या तीरावरच आहे, तिथे आईंनाही न्याच, दोन्ही मिळून एक ज्योतिर्लिंग मानतात आणि घाईत बरेच जण बेटावरूनच परत फिरतात. परिक्रमा पुरी झाल्यावर मामा बरोबरचं नर्मदाजल वाहायला ओंकाराकडे जातीलच.
जमलं तर रात्रीची शयन आरती चुकवू नका. आरतीच्या वेळी देवापुढे चौपट मांडतात, सोंगट्या फाशांसकट, महादेव पार्वतीबरोबर रात्री खेळतात म्हणून.

प्रतिसाद २
छोट्या रेल्वेचा नाद सोडा, मीटरगेज बंद करून ब्रॉडगेजचं काम काढलंय. तुम्हाला नाशिकहून खंडवा सोयीचं, पुढे साधारण सत्तर किमी बस नाहीतर गाडी. इंदूरला जाऊन उलटं यायची गरज नाही.
गुडघे असे असतील तर पूलच. नाव मजेची वाटते पण घाटाच्या पायऱ्या उतरा, हलत्या नावेत पाय टाका, पलीकडे परत पायऱ्या चढा, आईंचे हाल होतील. वरच्या अंगाला धरण आहे, पाणी सोडलं की पातळी झटकन चढते, भोंगा वाजला की कुणीही घाटावर रेंगाळू नका. बेटाची प्रदक्षिणा सरळ रद्द करा, चढउतार आहे. गौरी सोमनाथ, शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा (२०२३ चा) सगळं त्या टेकडीवर, ते तुम्ही एकटे पहाटे करून या. मुक्कामाला शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं भक्तनिवास बघा, परिक्रमावासीही तिथे उतरतात, मामांना सोबत मिळेल.

धागाकर्ता
खूप आभार. क्रमाचं मामाला पटलं, आईला आत्ताच सांगितलं, ती म्हणते हे मी आधीच म्हणत होते 😀 प्रदक्षिणेचं मात्र अजून ऐकत नाहीये. नावेतून बेटाला पूर्ण फेरी मारतात का हो, पाणी पुरेसं असताना? कुणी केली असेल तर किती वेळ लागतो आणि नाववाले काय घेतात तेवढं सांगा.