इम्युलेटरला 'नक्कलयंत्र' म्हणावं का?

दौत: मुलांच्या मासिकासाठी जुन्या व्हिडिओ गेमांवरचा एक लेख मराठीत आणतेय. 'इम्युलेटर'ला, म्हणजे संगणकावर जुन्या गेमयंत्रासारखं वागणाऱ्या प्रोग्रामला, मी 'नक्कलयंत्र' लिहिलं. संपादकांनी समासात लाल शाईने विचारलं, "नक्कल करणं गुन्हा ना? मग हे कायदेशीर कसं?" मूळ मुद्दा असा की इम्युलेटर चालतो, पण त्यावर खेळायला गेम फुकट उतरवून घेतलेला चालत नाही. दुसरा शब्द सुचवा.

नोटरी: दौतताई, संपादकांची शंका रास्त आहे. कोर्टात नक्कल म्हणजे हुबेहूब प्रत. निकालाच्या नकलेसाठी आम्ही रोज अर्ज करतो. स्टेजवर नक्कल म्हणजे दुसऱ्याची लकब उचलणं. कायदा नेमका इथेच फरक करतो. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २००० साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सोनीच्या प्लेस्टेशन या गेमयंत्रासारखं वागणारा प्रोग्राम घडवताना कनेक्टिक्सने केलेल्या मधल्या प्रतींना 'न्याय्य वापर', म्हणजे परवानगीशिवायही चालणारा वापर, म्हटलं. गेमची रॉम फाइल, म्हणजे कॅसेटमधला गेम जसाच्या तसा उतरवलेली फाइल, मात्र सरळ प्रतच. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्ट नुसत्या दंडावर सोडू शकतं.

मुळाक्षर: 'नक्कल' आलाय अरबी 'नक़्ल'वरून, त्यात इकडून तिकडे नेणं हाही अर्थ आहे. दोन्ही अर्थ तिथूनच. घोळ नको असेल तर 'अनुकारक' लिहा, शुद्ध आणि नेमका.

पाटीपेन्सिल: अनुकारक वाचून मुलं पान उलटतील हो! आमच्या गावात सुगी झाली की बहुरूपी यायचा, पोलिसाच्या वेशात. ओसरीवर उभा राहून "तुमच्या नावाचं वॉरंट आहे" म्हणायचा, आजी हसत सुपातून जोंधळे घालायची. खाकी सदरा त्याने घरीच शिवलेला, हातशिलाईचे टाके दिसायचे. कुणा हवालदाराचा उचललेला नव्हता. इम्युलेटर तसाच. 'बहुरूपी' लिहा.

कॅसेटवाला: शब्द छान आहे, पण गेम उतरवून घेण्याला 'चोरी' ठरवणं मला खटकतं. नव्वदीत आम्ही पिवळ्या कॅसेटच्या दात्यांवर फुंकर मारून काँट्रा हा गेम लावायचो. '९९९९९९९ इन १' लिहिलेल्या त्या कॅसेटी बहुतेक विनापरवानाच, तरी आमच्यासाठी 'ओरिजिनल'! आता ते गेम कुणी विकत नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवलं की अमेरिकेत २०१०पूर्वीचे ८७ टक्के गेम बाजारातच नाहीत. बेवारस मालाची चोरी कसली?

नोटरी: बेवारस नाहीत, दादा. दुकान बंद झालं म्हणून घराची मालकी जात नाही. हक्क सोडायचा तर कलम २१ प्रमाणे निबंधकाला कळवावं लागतं किंवा जाहीर सूचना द्यावी लागते. न विकणं म्हणजे सोडणं नव्हे. जतन करणाऱ्यांची यात कुचंबणा होते हे मला मान्य आहे, आणि कायदा बदलायला हवा असंही वाटतं.

मुळाक्षर: बहुरूपी माणूस असतो, यंत्र नव्हे. माझा आग्रह कायम.

पाटीपेन्सिल: यंत्राला 'चालक' म्हणता तेव्हा?

दौत: अंक मंगळवारी छपाईला जातोय. 'उतरवून घेणं' तरी ठेवू ना?

मुळाक्षर: ठेवा. वर्गात बुडालेला धडा मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घ्यायचो, तेव्हाही ती प्रतच होती. सात-बाराचा 'उतारा' त्यातलाच.

कॅसेटवाला: मग विंचवावरचा उतारा?

पाटीपेन्सिल: तो विष उतरवणारा. दृष्ट काढून तिठ्यावर ठेवतात तो भाताचा उताराही आहेच. आमच्याकडे त्यावर लिंबू कापून ठेवत, कुंकू लावून. तुमच्याकडे?