रील्स सोडून परत चित्रं काढायचीत, सुरुवात कुठून करू?

सांगलीकरीण: रात्री जेवण झालं की मोबाईल हातात घेते आणि बघता बघता साडेबारा वाजतात, रोजचे दोन तास रील्समध्येच जातात, फार वाईट वाटतं. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. आता कोरा कागद बघितला की हातच चालत नाही.

कृष्णाकाठ: ताई, घरात बसून नाही व्हायचं ते. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जावा, तिथला आयर्विन पूल काढायला घ्या. १९२९ चा दगडी पूल, कमानी एकसारख्या, म्हणून दुसऱ्या तिसऱ्या कमानीला हात बसतोच. ४बी म्हणजे मऊ, गडद पेन्सिल आणि साधी वही पुरे, महागाचं सामान आधी घेऊ नका, ते खराब होईल म्हणून भीती वाटते.

मिरजवाला: मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, मला त्यानंच फरक पडला. आणि रविवारी मिरजेला या की, सतारमेकरांच्या गल्लीत. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. सतारीच्या भोपळ्याची गोलाई काढायला लई मजा येते, फक्त आधी विचारून बसा.

सांगलीकरीण: काल घाटावर गेले. दोनच कमानी झाल्या, अंधार पडला. आज परत चाललेय.