मदत हवी आहे : दशावतारावरील माहितीपटाच्या संकलनाची मांडणी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकावर आम्ही काही मित्र एक माहितीपट करीत आहोत. चित्रीकरण बहुतेक संपले आहे. संकलनाला बसण्यापूर्वी साऱ्या सामग्रीची मांडणी नक्की करायची आहे, कारण काम निम्म्यावर आल्यावर ती बदलणे फार जड जाते. ज्यांनी लांब पल्ल्याच्या माहितीपटांचे संकलन केले आहे, त्यांचे मार्गदर्शन मिळाले तर मोठी मदत होईल.

मुख्य अडचण दशावताराच्या स्वरूपातूनच आलेली आहे. या नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान कोणते आणि कोणाला कोणते पात्र एवढे ठरते, आणि संवाद नट रंगमंचावर उभा राहून रचतो. त्यामुळे तेच आख्यान दोन जत्रांत दोन तऱ्हांनी रंगते, आणि आमच्या माहितीपटाचा गाभा नेमका हाच आहे. कथापटात प्रवेश आणि टेक यांच्या क्रमांकांनी सामग्री लावता येते, तशी सोय येथे नाही. मूळ फायली तारीख, कॅमेरा आणि कार्ड या क्रमाने फोल्डरांत ठेवाव्यात, त्यांना पुन्हा हात लावू नये, आणि आख्यान, पात्र, रंगपट (नटांची रंगभूषेची जागा), संकासुर या असुराचा प्रवेश, स्त्री पार्ट करणारे नट असे विषय डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कीवर्ड आणि मार्कर (चित्रणातील नेमक्या जागी लावायच्या खुणा) लावून नोंदवावेत, असे मला वाटते. परंतु रात्रभराच्या सलग चित्रणावर शेकडो मार्कर पडल्यानंतर ही पद्धत हाताळण्याजोगी राहते का? की आरंभीच प्रत्येक विषयाची वेगळी टाइमलाइन करून त्यात निवडक भाग ओढून ठेवणे बरे?

दुसरा प्रश्न मालवणीचा आहे. आमचे संकलक पुण्याचे आहेत आणि त्यांना मालवणी नीट कळत नाही. आपोआप लेखन करणारी साधने प्रमाण मराठी बऱ्यापैकी उतरवतात, पण मालवणी बोलण्याचा अर्थच बदलून टाकतात, म्हणून हे काम हातानेच करावे लागणार. मुलाखती पूर्ण उतरवायच्या आणि प्रयोगांची मात्र वेळेनुसार त्रोटक टिपणे ठेवायची, असा माझा विचार आहे. त्यात एखादा अप्रतिम उत्स्फूर्त संवाद टिपणातून निसटला, तर तो संकलकापर्यंत कधीच पोहोचणार नाही, आणि तो नट तो संवाद पुन्हा तसाच बोलणार नाही, याची मला खरोखर धास्ती वाटते. हा तोल आपण कसा साधता?

ध्वनीविषयीही विचारायचे आहे. पायपेटी, पखवाज, झांज आणि संवाद स्वतंत्र रेकॉर्डरवर ४८ किलोहर्ट्झने घेतले आहेत. दोन्ही कॅमेरे २५ फ्रेमवर असले तरी टाइमकोडने (प्रत्येक फ्रेमवर नोंदलेल्या सामाईक वेळेने) जोडलेले नव्हते. ध्वनिलहरींवरून जुळवणी होते, पण आडदशावतारात, म्हणजे आख्यानापूर्वीच्या पूर्वरंगात, जुळलेला आवाज प्रयोगाच्या शेवटी पहाटे होणाऱ्या दहीकाल्यापर्यंत काही फ्रेमने सरकतो. अशा वेळी कॅमेऱ्याच्या प्रत्येक तुकड्याची जुळवणी वेगळी करावी, की ध्वनीचा वेग किंचित बदलून घ्यावा? पखवाजाच्या बोलांवर परिणाम होईल असे काही मला करायचे नाही. मोबाइलवरचे थोडे चित्रण बदलत्या फ्रेमगतीचे आहे. ते आधीच स्थिर २५ फ्रेमवर आणून घेणार आहोत.

शेवटची बाब दोन ठिकाणांच्या कामाची. मी कुडाळला नोंदी करणार आणि संकलन पुण्यात होणार. मूळ सामग्रीच्या तीन प्रती राहतील, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. दोघांकडे एकाच नावाच्या डिस्कवर सारख्याच प्रॉक्सी (मूळ फायलींच्या हलक्या प्रती) असतील, आणि आम्ही एकमेकांना फक्त प्रोजेक्टची फाईल पाठवू. मात्र दोघांनी एकाच दिवशी बदल केले, तर ते एकत्र कसे करायचे? माझ्या नोंदी स्वतंत्र तक्त्यात ठेवून प्रोजेक्टला फक्त संकलकांनीच हात लावावा, हा नियम पुरेसा ठरेल का?