चंद्राचं कार्ड पुन्हा पुन्हा येतंय. खरंच घरातलं कुणी फसवतंय का?

आंजर्लेकरीण
टॅरोतल्या, म्हणजे त्या भविष्य बघायच्या पत्त्यांतल्या, जाणकारांना विचारायचंय. हसू नका.

आंजर्ल्यात आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. मी आणि मोठ्या जाऊबाई मिळून चालवतो. स्वयंपाक-बाजार त्यांच्याकडे, फोन-बुकिंग माझ्याकडे. मे महिन्यात आगाऊ रकमेच्या वहीत 4,600 रुपयांचा मेळ बसेना. त्याच आठवड्यात ऑनलाइन एका बाईंकडून कार्ड काढून घेतलं, 501 रुपये देऊन. 'चंद्र' आला. म्हणाल्या, जवळची बाई गोड बोलून फसवतेय, घरात लपलेला शत्रू आहे.

मग मीच जोड मागवला. रोज तीन पत्ते काढते. महिन्याभरात तीनदा चंद्र! परवा तर रात्री अकराला, वीज गेलेली, पडवीत मेणबत्ती लावून काढला तर पुन्हा हाच. बाहेर कुत्री रडत होती आणि कार्डावरही कुत्रा तोंड वर करून उभा. झोप कसली येतेय.

आता जाऊबाई मासळीवालीला पैसे द्यायला लागल्या की मी मनात आकडा धरते. माझ्या बाळंतपणात ह्याच बाईने मला दोन महिने न्हाऊमाखू घातलंय. लाज वाटते, पण डोक्यातून जात नाही. ह्या कार्डाचा खरा अर्थ काय? आणि ते पाण्यातून वर येतंय ते काय, शेवंड?

पत्तेबाज
रोज तीन म्हणजे महिन्याला नव्वद पत्ते. जोड 78 चा. त्यात एखादा पत्ता तीनदा आला नसता तर नवल. बाकीचे कोणते तीनदा आले ते आठवतंय का? नाही, कारण त्यांनी घाबरवलं नाही.

आणि मुळात हा पंधराव्या शतकातला इटलीचा पत्त्यांचा खेळ. भविष्य-बिविष्य अठराव्या शतकात पॅरिसकरांनी चिकटवलं. फ्रान्समध्ये अजून लोक टॅरोचे डाव मांडून बसतात. तुम्हीही जाऊबाईंबरोबर खेळा.

हर्णैची
पत्तेबाज, इतिहास बरोबर, पण बाईंना झोप लागत नाहीये त्याचं काय?

आंजर्लेकरीणताई, मी दहा-बारा वर्षं कार्डं बघते, वडील खलाशी होते. आधी तुमच्या शेवंडाचं. ते शेवंड नव्हे. शेवंडाला डेंगे नसतात, नुसत्या लांब मिशा. कार्ड जवळ धरून बघा, ह्याला कुर्लीसारखे डेंगे आहेत. ते तिकडच्या गोड्या पाण्यातलं जनावर, म्हणून खाली समुद्र नाही, तळं आहे. तुमचा जोड 1909 साली लंडनला निघालेल्या चित्रांचाच असणार. ती चित्रं पामेला कोलमन स्मिथ नावाच्या बाईंनी काढली. जोडाला नाव मात्र प्रकाशक रायडर आणि ज्यांनी काढून घेतली त्या वेट साहेबांचं. असो, बायकांचं नेहमीचंच.

आता चित्र नीट बघा, माणूस कुठे आहे? नाहीच. एक कुत्रा, एक लांडगा, दोन बुरूज, मधून डोंगराकडे गेलेली वाट. चंद्राच्या तोंडाचे डोळे मिटलेले. फसवणारी बाई ह्यात शोधूनही सापडायची नाही. कुत्रा म्हणजे माणसाळलेलं मन, लांडगा म्हणजे रानटी. दोघं एकाच चंद्राकडे बघतात. आपल्याकडे लांडगा कुठला, पण रात्री काजूच्या बागेतून कोल्हेकुई सुरू झाली की दारातला टिप्यासुद्धा तसाच गळा काढतो. अंधारात आवाजावरून सांगा बघू, कोल्हा कुठला आणि टिप्या कुठला.

मी हे कार्ड एका शब्दात सांगते: चकवा. तुम्हाला समजावून सांगायला नको. माझे काका एकदा आसूदहून येताना रात्रभर एकाच वडाभोवती फिरले होते. पायाखालची वाट, लहानपणापासूनची. वाट हलली नव्हती, वडही तिथेच होता. आजी म्हणायची, चकवा लागला की चालायचं नाही, आहे तिथे बसून राहायचं, कोंबडा आरवेपर्यंत. जोडातही बघा, चंद्र 18 आणि लगेच 19 ला सूर्य. त्यामुळे रात्री अकराला मेणबत्तीत हे कार्ड काढून त्यावर माणसाची पारख करणं म्हणजे चकव्यालाच वाट विचारणं.

खाडीपलीकडे
हर्णैची, तुम्ही फार गोड करून सांगताय. वेट यांनी स्वतः दिलेल्या अर्थांत लपलेले शत्रू, धोका, फसवणूक हे शब्द आहेत. त्या 501 वाल्या बाईंनी ते पोटातून काढलेले नाहीत.

हर्णैची
आहेत, मान्य. त्याच यादीत चूक हाही शब्द आहे, तो बरा कुणी वाचत नाही. आणि त्यांनीच कुत्रा-लांडग्याला मनाची भीती म्हटलंय. आपल्याकडे तरी चंद्र कशाचा कारक? मनाचाच ना? टॅरोवाले ह्या कार्डाला मीन रास देतात, म्हणजे पुन्हा पाणीच.

पाण्याचं वडिलांनी शिकवलेलं गणित सांगते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी धड चढत नाही की उतरत नाही. उधाणाला खाडीच्या तोंडाशी होडी घालायची नाही, एवढंच ते सांगत. उधाणाला त्यांनी कधी शत्रू म्हटलं नाही. ताई, तुमचं सध्या उधाण आहे. वही दिवसा उघडा. आणि एकटीने नको.

आंजर्लेकरीण
उशिरा लिहितेय, पाहुणे होते.

काल दुपारी, मागची आवराआवर झाल्यावर, पडवीत दोघी वही घेऊन बसलो. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं, कार्डासकट. जाऊबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तरीच गं, मासळीवाली आली की तू दारात येऊन उभी राहतेस." मला रडूच आलं.

4,600 पैकी 3,000 सापडले. पुण्याच्या एका पाहुण्यांनी तारीख बदलली होती, मी त्यांची तीच आगाऊ रक्कम दोन्ही तारखांना मांडली होती. म्हणजे खाडीपलीकडे, ती यादीतली चूक माझी. उरलेल्या 1,600 चा पत्ता अजून नाही. जाऊबाईंना वाटतं गॅसवाल्याला दिले असावेत, मला वाटतं नाही. बघू.

कार्ड त्यांनी चष्मा लावून बराच वेळ न्याहाळलं. म्हणाल्या, चांदोबाचं तोंड असं आंबट का? मग त्या पाण्यातल्या जनावरावर बोट ठेवलं. मी म्हटलं, शेवंड नाही हो, त्याला डेंगे आहेत.

"असू दे. अमावास्येचं धरलंय की पौर्णिमेचं? पौर्णिमेचं असलं तर आत काही नसणार, कालवण फुकट जाईल."