मोठ्या कॉन्सर्टमध्ये आपली फर्माईश बँडपर्यंत पोहोचते का?

(मंचावरची चर्चा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सहावं गाणं

पुढच्या महिन्यात एका स्टेडियम कॉन्सर्टला जाणार आहे. बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा बँडवरच घसरेल. तिकिटं उभ्याची आहेत. लवकर पोहोचलो तर स्टेजपासून पंधरा-वीस मीटरवर जागा मिळेल.

त्यांच्या दुसऱ्या अल्बममधलं सहावं गाणं मला ऐकायचं आहे. ते सिंगल म्हणून, म्हणजे सुटं, कधी आलं नाही आणि कार्यक्रमात क्वचितच वाजतं. लहानपणी मी आणि भाऊ एकच हेडफोन वाटून घ्यायचो, डावा कान त्याचा, उजवा माझा. या गाण्यात एक गिटार पूर्ण डावीकडे आहे आणि दुसरा, मागून येणारा आवाज पूर्ण उजवीकडे. त्यामुळे कित्येक वर्षं आम्ही दोघं वेगळंच गाणं ऐकत होतो आणि आम्हाला ते कळलंही नव्हतं. या वेळी तो पहिल्यांदाच माझ्याबरोबर येतोय.

मागच्या खेपेला मी एकटी गेले होते. गाण्याचं नाव तीनदा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा गायक अगदी हळू काहीतरी सांगत होता. पुढच्या बाईंनी वळून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागल्या. बोलल्या काहीच नाहीत, पण ते मला अजून लागलेलं आहे.

म्हणून विचारते: फर्माईश करणं मुळात बरोबर आहे का? असेल तर कशी करावी? पाटी नेऊ, की आधी कुठे लिहून कळवू?

बॅरिकेडची कडा

पाटी न्या, पण आधी आयोजकांचे नियम वाचा. काही ठिकाणी पाटी आतच नेऊ देत नाहीत, काही ठिकाणी आकाराची मर्यादा असते, आणि काठी तर जवळपास कुठेच चालत नाही. मी जाड पुठ्ठा मध्ये दुमडून नेते. दोन गाण्यांच्या मधे वर करते आणि पुढचं गाणं सुरू झालं की लगेच खाली घेते. मागच्यांनीही बघायलाच पैसे दिलेले असतात.

चार वेळा नेली, एकदा गाणं मिळालं.

मॉनिटर डेस्क

मी बरीच वर्षं मॉनिटर इंजिनिअर म्हणून काम केलं आहे. स्टेजच्या बाजूला, पडद्याआड जो कॉन्सोल, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं टेबल असतं, त्याच्यावर. वादकांना स्वतःचं आणि एकमेकांचं काय ऐकू येतं ते तिथून ठरतं. त्यामुळे प्रेक्षकातून आलेली हाक त्यांच्या कानात पडते की नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

बहुतेक वेळा पडत नाही. जोरात ओरडणाऱ्या माणसाचा आवाज एक मीटरवर साधारण 90 डेसिबल धरा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तो 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे 16 मीटरवर राहिले 66. स्टेजवर त्याहून कितीतरी मोठा गोंगाट चाललेला असतो, त्यात गायकाचे दोन्ही कान इन-इअरने, म्हणजे कानात घट्ट बसणाऱ्या छोट्या स्पीकरने बंद. प्रेक्षकांचा आवाज त्याला मिळतो तो स्टेजच्या कडेला लावलेल्या माइकमधून, आणि तो किती द्यायचा ते मी ठरवतो. गाणं चालू असताना मी ते माइक खाली ठेवतो, टाळ्यांच्या वेळी वर आणतो. वर आणले तरी हजारो माणसांचा मिळून एकच लोंढा येतो, त्यातून शब्द निवडता येत नाही.

याला अपवाद एकच, आणि तो मी स्वतः ऐकला आहे. फक्त पियानो आणि आवाज असं गाणं होतं. प्रेक्षक इतके शांत होते, की मी कडेचे माइक नेहमीपेक्षा वर ठेवले होते. ती शांतता गायिकेला ऐकू यावी म्हणून. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी कुणीतरी एका जुन्या गाण्याचं नाव ओरडलं. तिच्या कानात ते जसंच्या तसं गेलं. पुढची ओळ तिला आठवली नाही. पियानोवादकाने तेवढ्या चार मात्रा पुन्हा फिरवल्या आणि ती गाण्यात परत आली. फार थोड्या लोकांच्या लक्षात आलं असेल, पण मी तिचा चेहरा पाहिला होता. ओरडणाऱ्याला वाटलं असणार, एवढी शांतता आहे, आता तरी ऐकू जाईल. ऐकू गेलं ते खरंच.

तुम्हाला वळून बघणाऱ्या त्या बाईंचंही मला हेच वाटतं. हळू आवाजातलं बोलणं ऐकण्यासाठीच त्या थांबलेल्या असणार.

आता पाटीबद्दल. स्टेजवरचे दिवे गायकाच्या डोळ्यांत असतात. त्याला पहिल्या काही रांगा दिसतात, त्यापलीकडे नुसता काळोख. चांगल्या नजरेच्या माणसाला 20 मीटरवरून वाचायला अक्षर निदान 3 सेंटीमीटर उंच लागतं, तेही डोळे तपासतात तशा स्वच्छ उजेडात आणि स्थिर उभं राहून. इथे त्याच्या पाचपट धरा, म्हणजे 15 सेंटीमीटर. पांढऱ्यावर काळं. गाण्याचं नाव लांब असेल तर त्यातले दोन शब्द पुरेत. ‘प्लीज’, ‘आमचं लाडकं’, चित्रं यातलं काही नको. गाण्याचं नाव एका नजरेत वाचता आलं पाहिजे.

आणि वाचलं तरी वाजवता येतं का? आजच्या मोठ्या कार्यक्रमात बरीच गाणी क्लिकवर चालतात. ड्रमरच्या कानात ठोका असतो आणि त्याच्याशी जोडलेल्या टाइमकोडवर, म्हणजे सगळ्या यंत्रांना एकाच वेळेवर चालवणाऱ्या संकेतावर, दिवे आणि पडद्यावरची चित्रं चालतात. गाणं बदललं की त्या सगळ्याची साखळी तुटते. प्रत्येक गाण्याला वेगळी गिटार, वेगळं ट्यूनिंग, म्हणजे तारांची जुळणी. उंच पट्टीची गाणी गळ्याला विसावा मिळेल अशी पसरून ठेवलेली असतात. वर वेळेचं बंधन. 14 जुलै 2012 ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि बीटल्सचा पॉल मॅककार्टनी एकत्र गायले आणि ठरलेली वेळ उलटली म्हणून आवाज बंद केला गेला. तिथे हे झालं, तर बाकीच्यांचं काय सांगावं.

तरीही फर्माईश करू नका असं मी म्हणणार नाही. त्याच स्प्रिंगस्टीनने 7 जुलै 2013 ला लाइपझिगमध्ये गर्दीतली एक पाटी घेतली. चक बेरीचं 1964 मधलं ‘यू नेव्हर कॅन टेल’. स्टेजवरच तो गिटारवर पट्टी शोधतो, हॉर्नवाल्यांना, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांना, त्यांचा तुकडा गाऊन दाखवतो आणि मग गाणं उचलतात. त्याचं चित्रण मी कितीदा पाहिलं असेल, मोजलेलं नाही. त्या गाण्यात दोनच कॉर्ड आहेत आणि ती माणसं वर्षानुवर्षं एकत्र वाजवत आलेली आहेत, म्हणून ते जमलं. तुमच्या बँडमध्ये असं मोकळेपण आहे का, हे आधीच्या कार्यक्रमांच्या सेटलिस्ट, म्हणजे वाजवलेल्या गाण्यांच्या क्रमवार याद्या, शेजारी शेजारी ठेवून बघा. सगळ्या रात्री तंतोतंत सारख्या असतील तर पाटी घरीच ठेवा. एखादी जागा रोज बदलत असेल, तर तीच तुमची जागा.

मागची रांग

माझं मत वेगळं आहे. सेटलिस्ट ही बँडची रचना असते. कुठे चढायचं, कुठे उतरायचं हे त्यांनी ठरवलेलं असतं. प्रेक्षकांच्या हातात दिलं की काय होतं, ते मेटॅलिका या हेवी मेटल बँडने 2014 मध्ये करून पाहिलं. तिकीट घेणाऱ्यांनी मत द्यायचं आणि त्यावरून त्या रात्रीची गाणी ठरायची. शहरागणिक पुन्हा पुन्हा तीच गाजलेली गाणी वर आली. कमी ऐकलेलं गाणं मागणारा माणूस मोजणीत नेहमीच हरतो.

आणि ‘फ्री बर्ड’ ओरडणाऱ्यांचं काय करायचं? लिनर्ड स्किनर्ड या बँडचं 1973 मधलं गाणं. दुसऱ्याच कुठल्या बँडच्या कार्यक्रमात त्याचं नाव ओरडायची खोड लागली, ती अजून गेलेली नाही. समोर माणूस मनापासून वाजवतोय आणि आपण त्याला भलत्याचंच गाणं मागतोय. मला ते ऐकवत नाही.

मॉनिटर डेस्क

‘फ्री बर्ड’बद्दल पूर्ण सहमत. मेटॅलिकाचं मात्र अर्धंच सांगितलंत. त्याच मतदानामुळे 28 मे 2014 ला हेलसिंकीत त्यांनी ‘द फ्रेड एंड्स ऑफ सॅनिटी’ पहिल्यांदा पूर्ण वाजवलं. 1988 च्या अल्बममधलं गाणं, 26 वर्षं थांबलेलं. त्या रात्री तिथे उभ्या असलेल्या माणसाला मोजणीत हरलो असं वाटलं नसेल.

आणि रचना व मोकळी जागा एकत्र नांदू शकतात. टेलर स्विफ्टच्या ‘एराज टूर’चे 2023 आणि 2024 मिळून 149 कार्यक्रम झाले. सगळा कार्यक्रम घट्ट बांधलेला, पण रोज निदान दोन गाणी वेगळी, एकदा गिटार घेऊन आणि एकदा पियानोवर. निवड तिची, पण जागा राखून ठेवलेली. त्या जागेपुरतं एक वाद्य आणि एक आवाज एवढंच ठेवलं, की टाइमकोडचा प्रश्नच राहत नाही.

सहावं गाणं

सगळ्यांचे आभार. काल रात्री भावाबरोबर बसून शेवटच्या बारा कार्यक्रमांच्या सेटलिस्ट शेजारी शेजारी लावल्या. नववी जागा प्रत्येक वेळी बदलली आहे! आम्ही दोघंही उठून उभे राहिलो. पाटीवर दोन शब्द, अक्षर 15 सेंटीमीटर.

मॉनिटर डेस्क, एक विचारायचं राहिलं. वर नक्की केव्हा करायची?

मॉनिटर डेस्क

आठवं गाणं संपून टाळ्या सुरू झाल्यावर, दिवे प्रेक्षकांवर आले की. त्या वेळी त्यांनाही तुम्ही दिसता. गायक पाणी प्यायला वळला असेल तर थांबा, तो परत समोर आला की वर करा. दहा सेकंद पुरे. गिटारवादकालाही दिसेल अशी धरा, कारण बरेचदा ‘जमेल का’ हे त्यालाच विचारलं जातं.

सहावं गाणं

काल जाऊन आलो. आधी वृत्तांत देते.

आठव्या गाण्यानंतर पाटी वर केली. गायकाने वाचली, अगदी नक्की वाचली, कारण त्याने ते दोन शब्द माइकवर उच्चारले. माझा हात थरथरायला लागला, तेव्हा भावाने दुसरी बाजू धरली. गायकाने गिटारवादकाकडे पाहिलं. त्याने आपल्या गळ्यातल्या गिटारकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. गायक आमच्याकडे बघून छातीवर हात ठेवून थोडा वाकला, आणि त्यांनी दुसरंच गाणं घेतलं. तेही सुंदर झालं. आम्ही पाटी खाली ठेवली आणि पुढचा एक तास ओरडलो ते फक्त टाळ्यांच्या वेळी.

भाऊ परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘त्याने नाव घेतलं, ऐकलंस?’’

मॉनिटर डेस्क

वाचून फार बरं वाटलं. गिटारकडे बोट दाखवलं म्हणजे अडचण ट्यूनिंगची असणार. तुमचं गाणं रेकॉर्डमध्ये अर्धा स्वर खाली उतरवलेल्या ट्यूनिंगवर असेल आणि त्या वेळी त्याच्या गळ्यात नेहमीच्या ट्यूनिंगची गिटार असेल, तर ती बदलून आणेपर्यंत कार्यक्रमाची लय तुटली असती. रेकॉर्ड लावून सगळ्यात जाड, न दाबता वाजलेली तार कोणत्या स्वराची आहे ते भावाला बघायला सांगा. डावा कान त्याचाच होता ना? आणि एक आठवून सांगा. काल त्याने किती गिटारी बदलल्या? कोणती कोणत्या गाण्याला होती?

सहावं गाणं

भावाने रेकॉर्ड लावून पाहिलं. तुम्ही म्हणता तसंच आहे, सगळं अर्धा स्वर खाली. गिटारी चार होत्या. पांढऱ्या पट्टीची काळी गिटार त्याने दोनदाच घेतली, चौथ्या गाण्याला आणि तेराव्याला. भावाने आत्ता ती दोन्ही गाणी रेकॉर्डवर तपासली. दोन्ही अर्धा स्वर खालीच आहेत.

पुढच्या वर्षी ते पुन्हा येणार आहेत. या वेळी आम्ही तेराव्यानंतर पाटी वर करू.